झाडू हातात असला की वाचता येतं

मावशी,

तुला मुळीच पटणार नाही असं काम आज मी करतेय. बसून लिहितेय. तेही शाळेच्या खुर्चीत, टेबलाला कोपर टेकून, वर पंखा लावून. तू दारात असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, बसून का कुठं काम होतं? उठा, चला." आणि मला उठावंच लागलं असतं. तुझ्यापुढे या नगरपालिकेत फार वेळ कोणाचंच चाललं नाही, मुख्याधिकारी साहेबांचंसुद्धा.

तू गेलीस तेव्हा मी परभणीला आईकडे होते. सकाळची पाळी करून तू घरी आलीस, तांब्याभर पाणी प्यालीस, "जरा आडवी होते" म्हणालीस आणि मग उठलीच नाहीस, एवढंच मला नंतर कळलं. मी परतले तोवर तुझा जलदान विधीही आटोपला होता. मला रडू यायच्या आधी राग आला, हे तुला म्हणून सांगते. इतकी वर्षं रोज भांडलो आपण, आणि भांडण अर्ध्यावर टाकून तू परस्पर निघून गेलीस. ही कुठली रीत?

आठवतं का आपलं पहिलं भांडण? मी नुकतीच नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, सफाईच्या बायांसाठी साक्षरता वर्ग निघालाय, तुम्ही घ्या. दुपारच्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीखाली. मी पाटी-पेन्सिली, अंकलिपी, खडू सगळं घेऊन गेले. पाहते तर टाकीखालच्या गारव्यात सगळ्या बाया पदर तोंडावर घेऊन झोपलेल्या! पहाटेपासून रस्ते झाडलेल्या बाया त्या, त्यांना झोपेतून उठवायचा माझा धीर होईना. तू तेवढी टाकीच्या खांबाला टेकून जागी होतीस. मी अदबीनं म्हटलं, "गयाबाई, तुम्ही शिकायला याल का?" तू मागे वळून पाहिलंस आणि म्हणालीस, "तुमी म्हनता तवा मला वाटतं पाठीमागं कोणी सायबीन उभी हाय. मला मावशी म्हन अन् तू म्हन." मला मात्र तू शेवटपर्यंत बाई आणि तुमीच म्हणत राहिलीस. मी किती वेळा सांगून पाहिलं. "शिकवनारीला अरे-तुरे करत न्हाईत," हे तुझं ठरलेलं उत्तर.

मग मी अंकलिपी उघडली. अननसाचा अ. तू चित्र निरखून पाहिलंस. "हे काय कवठ हाय?" अननस म्हणून मी सांगितलं. कसा लागतो, असं तू विचारलंस. आता मी तरी कुठे खाल्ला होता! तसं सांगितल्यावर तू पुस्तक मिटून माझ्या हातात दिलंस. "शिकवनारीनंबी खाल्लं न्हाई अन् शिकनारीनंबी. मंग हे पुस्तक कोणासाठी काढलं?" आणि तूही पदर तोंडावर घेऊन आडवी झालीस. संपला माझा पहिला वर्ग.

मला वाटलं, ही काही परत यायची नाही. आठवडा झाला असेल, तू एकटीच आलीस, चेहरा तापलेला. तुझ्याबरोबर झाडणाऱ्या कौसल्याचं लेकरू तेव्हा महिन्याचंसुद्धा नव्हतं आणि मुकादमानं तिला भाजीबाजाराच्या गटारीवर लावलं होतं. कोणत्या बाईनं कुठला रस्ता झाडायचा, ही वाटणी मुकादमाची. तू त्याला म्हणालीस, ओली बाळंतीण हाय, तिला दवाखान्याची गल्ली द्या, सावली हाय तिथं, लेकरू तरी निजंल. तो हसत म्हणाला, "तू हो मुकादम अन् तू कर वाटणी." भोवतीची गडीमाणसं हसली. तू माझ्यापुढे येऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "बाई, मुकादम व्हायला काय लागतं?"

लिहिता-वाचता यायला लागतं, एवढंच लागतं. मुकादम दिवाळीनंतर सेवानिवृत्त व्हायचा होता. साहेब त्या जागेसाठी परीक्षा घेणार होते, आणि बाईनं परीक्षेला बसू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण असं काही होईल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मंग होते मी," तू म्हणालीस. जणू चहाला होच म्हणत होतीस.

पण तू बसलीस की तुझं डोकं बंद पडायचं. मांडी घालून पाटी पुढ्यात घेतली की 'क' आणि 'फ' तुला सारखेच. पाय अवघडायचे, जांभया यायच्या, आणि मी डोळे वटारले की तू माझ्यावरच ओरडायचीस. दसरा जवळ आला आणि माझा धीर सुटला. एका दुपारी तू मला सहज सांगितलंस, "बाई, आपल्या रस्त्यावर पहिलं 'चहा' हाय, मंग 'किराणा', मंग 'औषधी'." मी उडालेच. तू ती अक्षरं कधी शिकलीस? तर म्हणे झाडता झाडता. वर्गात मी जे पाटीवर काढायचे, ते दुसऱ्या दिवशी तू दुकानांच्या बोर्डांवर शोधत जायचीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शाल गुंडाळून तुझ्या मागे मागे निघाले. बसस्टँडपासून चौकापर्यंत तुझा रस्ता. खराट्याचा एक फराटा, की एक बोर्ड. मान वर न करता तू धडाधड वाचत होतीस, आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या. जमलं, जमलं, झाली ही मुकादम! एवढ्यात एका दुकानापुढे तू खणखणीत आवाजात वाचलंस, "न्यू फॅशन टेलर." मी वर पाहिलं. बोर्ड ताजा रंगवलेला होता. चप्पल-बूट भांडार.

"मावशी, पुन्हा वाच."

"न्यू फॅशन टेलर. काहून?"

"वर बघून वाच."

तू वर पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. एकेक अक्षर लावलंस. मग खराटा आपटून त्या बंद दुकानाकडे बघत म्हणालीस, "काल-परवापर्यंत तर इथंच व्हता मेला! जायाचं तर मला सांगून तरी जायाचं!"

मी तिथेच ओट्यावर बसले आणि पोट धरून हसले. तू आधी फणकारलीस आणि मग तुलाही हसू आवरेना. त्या दिवशी आपलं दुसरं मोठं भांडण सुरू झालं, जे शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, मावशी, तू वाचत नाहीस, तू ओळखतेस. तुझं म्हणणं, "माणूस तरी वाचतो का आपन? वळखतोच ना?" मी म्हणायचे, अगं माणूस वेगळा, अक्षर वेगळं. तू मान हलवायचीस, पण पटलं म्हणून नव्हे, माझी कीव आली म्हणून.

कीव करायला हरकत नव्हती, पण साहेब परीक्षेत काही तुझा रस्ता ठेवणार नव्हते. तिथे अनोळखी कागद येणार होता. म्हणून मी युक्ती काढली. रविवारी तुला एस.टी.त घातलं आणि वारंगा फाट्यावर नेलं. तिथे तू कधी झाडलेलं नव्हतं. एकही बोर्ड तुझ्या ओळखीचा नव्हता. वर रस्त्यावरून लॉऱ्या जाणार, त्यांच्यावरची अक्षरं तर एका जागी थांबतसुद्धा नाहीत. आता बघू कशी ओळखते, म्हटलं.

तू एका हॉटेलापुढे बाकावर बसलीस आणि गप्प झालीस. 'क' नाही, 'फ' नाही, काही नाही. भोवती जीप, लॉऱ्या, भजी तळल्याचा वास, आणि तू मान खाली घालून.  दिवाळी तोंडावर आली होती. मग तू एकदम उठलीस, हॉटेलवाल्याच्या दाराआड ठेवलेला खराटा उचललास आणि त्याच्या दुकानासमोरचा कचरा झाडायला लागलीस. "अगं बाई, हे काय करून राहिली?" तो बिचारा धावत आला. तू त्याला हातानंच गप्प केलंस आणि मान वर करून वाचलंस, "चहा. भजे. थंडगार पा-णी मि-ळे-ल."

 तू कधीही न पाहिलेला बोर्ड, अक्षर लावून वाचला होतास. मग काय, तू पूर्ण फाटा झाडलास, मावशी! पंक्चरवाल्याचं वाचलंस, पानटपरीचं वाचलंस. हॉटेलवाला एवढा खूश झाला की त्यानं आपल्याला भजी फुकट खाऊ घातली आणि म्हणाला, "मावशी, दर रविवारी शिकायला इथंच येत जा." शेवटी एक लॉरी आली. तिच्या पाठीवर काहीतरी रंगवलेलं होतं. तू वाचायला लागलीस, "आ-ई-ची..." आणि लॉरी नांदेडच्या दिशेनं निघून गेली. तू खराटा घेऊन तिच्या मागे धावलीस! "आईची काय? ए, थांब की!" शेवटपर्यंत तुझं म्हणणं होतं, आईची आठवण. माझं म्हणणं, आईची कृपा. या गोष्टीवर आपण किती दुपारी घालवल्या असतील, देव जाणे. अजून कुठलीही लॉरी दिसली की माझी नजर आधी तिच्या पाठीवर जाते.

येताना बसमध्ये मात्र मी तुझ्यावर चिडले होते. ते भांडण आपण दोघींनी नीट बोलून कधी संपवलं नाही, म्हणून आज बोलते. माझ्या आईनं परभणीत लोकांच्या दारापुढचे रस्ते झाडले. मला शाळेत घालताना तिनं एकच गोष्ट बजावली होती, हातात झाडू दिसता कामा नये. मी शिक्षिका झाले ती त्याच जिद्दीवर. तुम्हा बायांना शिकवताना माझ्या मनात तेच होतं, की अक्षर हातात आलं की झाडू हातातून सुटेल. आणि इथे तू, झाडू हातात आल्याशिवाय तुला अक्षरच लागत नव्हतं! मी बसमध्ये तुला बोलले, भरभरून बोलले. तू खिडकीबाहेर बघत ऐकलंस. आखाडा बाळापूर गेल्यावर म्हणालीस, "बाई, मी झाडू टाकायसाठी शिकून राहिले न्हाई. कोणत्या बाईच्या हातात कोणता रस्ता द्यायचा, ते मी सांगावं म्हून शिकून राहिले. तुमच्या आईला बी कोणी सावलीची गल्ली दिली असती तर तिनं तुमाला असं बजावलं असतं का?"

 तुझं मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या रात्री मी आईला पत्र लिहिलं आणि विचारलं, तुझा रस्ता कुठला होता गं? तोवर मी कधी विचारलंच नव्हतं. आईनं शेजारच्या पोरीकडून लिहून घेऊन उत्तर धाडलं. तिचा रस्ता धान्याच्या अडतीपुढचा, भर उन्हाचा होता. हे तुझ्यामुळे कळलं मला.

परीक्षेचा दिवस. साहेबांची केबिन, साहेब टेबलामागे, बाजूला हेडमास्तर आणि मी. तुझ्याआधी दोघे गडी परीक्षा देऊन गेले होते, अडखळत का होईना दोघांनी वाचलं होतं. तू आत आलीस. नवं लुगडं, केसांना तेल, आणि चेहरा पांढराफटक. साहेब चांगले होते, म्हणाले, "बसा गयाबाई." तिथेच घात झाला. तू बसलीस. साहेबांनी सूचनेचा कागद तुझ्या हातात दिला आणि तू त्याच्याकडे बघतच राहिलीस. पंख्याचा आवाज येत होता. कौसल्या बाहेर व्हरांड्यात लेकराला थोपटत उभी होती, तिचाही आवाज येत होता. साहेबांनी घसा साफ केला. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्याकडे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ऊठ मावशी, ऊठ! पण ते माझ्या तोंडून निघणं बरोबर नव्हतं. ते तुझंच तू करायला हवं होतं.

आणि तू उठलीस. "सायेब, थोडी तकलीफ देते," म्हणालीस. त्यांच्या टेबलावरची टाचणी घेतलीस, कागद भिंतीवर टोचलास, शिपायाच्या स्टुलामागचा केरसुणीचा बुडखा काढलास आणि साहेबांची केबिन झाडायला लागलीस. साहेब अर्धे उभे राहिले. "हे काय चाललंय?" हेडमास्तर पुटपुटले. तू टेबलाखालून कचरा ओढत भिंतीकडे आलीस आणि वाचलंस, "सर्व सफाई कामगारांना कळविण्यात येते की..." कोपऱ्यातून वळलीस, पुढची ओळ. साहेबांनी पाय उचलून घेतले, म्हणजे तुला खुर्चीखालून झाडता यावं, आणि तसेच पाय वर धरून ते ऐकत राहिले. एका शब्दावर तू अडलीस. "अन्यथा." दोनदा लावलास, मग वळून म्हणालीस, "ह्यो शब्द आमच्या रस्त्यावर न्हाई. पन सूचनेच्या शेवटी हाय म्हंजी धमकीचाच असंल." साहेब इतके हसले की शिपाई धावत आत आला.

त्यांनी शेवटी नाव लिहायला सांगितलं. तू उभ्यानंच, टेबलावर वाकून लिहिलंस. साहेबांनी निकाल तिथेच सांगितला नाही, पण तू बाहेर गेल्यावर ते जमिनीकडे बघत म्हणाले, "आणि केबिन काय लख्ख झालीय हो!" दोन्ही गडी अडखळले होते, तू एका शब्दाखेरीज कुठे अडली नव्हतीस; नेमणूक तुझीच झाली.

मग तो पेंटरचाचा. आपल्याकडची रीतच अशी, कचऱ्याच्या हातगाड्या ठेवायच्या खोलीच्या दारावर मुकादमाचं नाव रंगवायचं. चाचा डबा-ब्रश घेऊन आले आणि तू त्यांच्या मानेवर उभी. "श्रीमती लिहू का?" तू नको म्हणालीस. "सौभाग्यवती?" तेही नको. "तो फिर क्या लिखूँ, मावशी?" तू म्हणालीस, "गयाबाई. रस्त्यावरून झाडता झाडता वाचता आलं पायजे येवढं मोठं." त्यांनी हिरव्या रंगात लिहिलं, दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रंग वाळायच्या आधीच तू पहिला हुकूम सोडलास. कौसल्या दवाखान्याच्या गल्लीत. आणि भाजीबाजाराच्या गटारीवर?  "मी," तू म्हणालीस. मुकादमानं स्वतः गटार काढायची रीत नव्हती. तू ती काढलीस. पुढे पाळीपाळीनं सगळ्यांना ती वाटून दिलीस, गड्यांनासुद्धा, आणि कुरकुर केली त्याला सांगायचीस, "लिहिता येतं ना तुला? मंग परीक्षा दे अन् कर तू वाटनी."

माझ्या वर्गाचं सांगते. तू मुकादम झालीस आणि टाकीखालचा वर्ग बंद झाला. मी पाटी-पेन्सिली हेडमास्तरांना परत केल्या आणि बायांबरोबर पहाटे रस्त्यानं फिरायला लागले. खडू फक्त ठेवला, ओट्यांवर अक्षर काढून दाखवायला. दुकानदार आधी कटकट करत. मग त्यातलाच एक किराणावाला म्हणाला, बाई, माझ्या बोर्डावरचा ठ फिका झालाय, बायांना दिसत नसेल, रंगवून घेतो. माझी ही शिकवण्याची रीत बघायला परभणीहून अधिकारी आले तेव्हा तू त्यांनाही खराटा देऊ केलास. म्हणे, हातात घ्या, मंग कळंल. मी तुझ्याकडून शिकलेल्यातलं हेच आता सगळ्यांना शिकवते. आणि मावशी, मला तुझे आभार मानायचे होते. रोज भेटत होतीस म्हणून मानले नाहीत. रोज भेटणाऱ्या माणसाचे आभार कोण मानतं?

परतल्यावर काल पहाटे मी पहिल्यांदा निघाले, नेहमीसारखी, शाल गुंडाळून. तुझ्या रस्त्यानंच गेले. चहा, किराणा, औषधी. चप्पल-बूट भांडारापुढे थोडी थांबले. मग हातगाड्यांच्या खोलीशी पोचले. बाया जमलेल्या होत्या, गाड्या निघत होत्या. मी दाराशी थांबले आणि मान वर न करताच मोठ्यानं वाचलं, जसं रोज वाचते, "गयाबाई."

 कौसल्या पुढे झाली. तिच्या खांद्याला मुकादमाची खाकी पिशवी होती. तिचं लेकरू आता शाळेत जातं, तुझ्या भीतीनं. ती हळूच म्हणाली, "बाई, वर बघून वाचा."

मी वर पाहिलं. हिरवा रंग घासून काढलेला. त्या जागी ताजा लाल, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुझ्याच मापाचं अक्षर. एकेक अक्षर लावत गेले. कौ. स. ल्या.

तू हरवलंस मला, मावशी. मी शिक्षिका, मी वाचणारी, आणि मी नुसतं ओळखलं होतं. त्या सगळ्या बायांसमोर मला तेच आठवलं, आणि रडता रडता मी त्या दाराला तुझ्याच शब्दांत म्हणाले, "काल-परवापर्यंत तर इथंच व्हतीस. जायाचं तर मला सांगून तरी जायाचं!"